पत्र्याचा रोबो पडद्यावर: संगणकातली चकाकी खऱ्या रंगाशी कशी जुळवायची

समजा, तालुक्याच्या गावात एक लघुचित्रपट होतोय आणि त्यात रोबो आहे. धान्याच्या जुन्या कोठीचं धड, पालथ्या स्टीलच्या पातेल्याचं डोकं, ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे हात, ट्रॅक्टरच्या भंगारातले सांधे आणि सगळ्यावर एकाच डब्यातला चंदेरी रंग. शेताच्या धुऱ्यावर उभा केला की कॅमेऱ्यात झकास दिसतो. अडचण येते ती मोजक्या शॉट्समध्ये, जिथं त्याला विहिरीवरून उडी मारायची असते किंवा त्याचा हात निखळून पडायचा असतो. तेवढ्यापुरता तो ब्लेंडरमध्ये, म्हणजे त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधावा लागतो. मग खऱ्या शॉटला लागून संगणकातला शॉट आला की बघणाऱ्याला लगेच खटकतं. आकार बरोबर, मापं बरोबर, तरी रोबो दुकानातल्या खेळण्यासारखा वाटतो. हे खोटेपण बहुतेक वेळा पृष्ठभागाचं असतं, आणि त्याची सुरुवात एका चुकीच्या समजुतीतून होते.

समजूत अशी, की रोबो धातूचा आहे. म्हणून पहिल्याच मिनिटाला मेटॅलिक (धातूपणा) १, रंग राखाडी, रफनेस (खरखरीतपणा) ०.३ असं करून तेच मटेरियल (पृष्ठभागाची मांडणी) डोक्यापासून पायापर्यंत लावलं जातं. पण सिनेमातला रोबो धातूचा क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो रंगवलेला असतो. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटातला प्रसिद्ध रोबो बघा. पडद्यावर तो लखलखीत धातूचा वाटतो. प्रत्यक्षात शिल्पकार वॉल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ यांनी तो लाकडातल्या भेगा बुजवायच्या पुट्टीसारख्या पदार्थापासून घडवला होता आणि वरून चंदेरी भुकटी मिसळलेलं लॅकर फवारलं होतं. त्याची नक्कल संगणकात करायची तर रंगाच्या थराची नक्कल करावी लागेल. पोलादाची केली तर ती जुळणारच नाही. आपल्या कोठीच्या रोबोलाही हेच लागू आहे.

आधी वही घ्या, संगणक नंतर

रोबोच्या प्रत्येक भागासाठी वहीत एक पान करा. त्यावर तळापासून वरपर्यंतचे थर लिहा: मूळ वस्तू कशाची, त्यावर प्रायमर कोणता, पुट्टी कुठं भरली, रंग ब्रशने मारला की गनने, वरून क्लिअर आहे का. ज्याने रंगवला त्यालाच विचारा. पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंज भागात झाडीपट्टीच्या नाटकांचं सामान रंगवणारे पेंटर आहेत, प्रत्येक तालुक्याला डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत. कोणता रंग कशावर टिकतो आणि कशावरून निघतो हे या लोकांना तोंडपाठ असतं. ही माहिती कोणत्याही तयार टेक्स्चरपेक्षा (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रापेक्षा) मोलाची आहे.

आपल्या रोबोची वही साधारण अशी होईल. कोठी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. पातेलं स्टेनलेस स्टीलचं. हात प्लास्टिकचे. सांधे साध्या लोखंडाचे, त्यांवर आधी रेड ऑक्साइड मारलेलं. छातीवरची पट्टी फायबरची, कडांना पुट्टी, वर राखाडी सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग सारखा करणारा थर). रंग सगळीकडे एकच असला तरी तो पाच प्रकारे चमकणार आणि पाच प्रकारे निघणार आहे. म्हणून ब्लेंडरमध्येही पाच मटेरियल लागतात. एका मटेरियलची नक्कल काढून थोडी बदलली तरी चालेल, पण पाच हवीत.

धातू की अधातू, हा पहिला प्रश्न

आजकालचे बहुतेक रेंडरर (मॉडेलवरून चित्र काढणारे प्रोग्रॅम) वस्तूला दोनच जातींत बसवतात. धातूला स्वतःचा आतला रंग नसतो. त्याचा जो रंग दिसतो तो परावर्तनाचाच असतो. अधातू म्हणजे प्लास्टिक, रंग, लाकूड, माती. यांच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के वरच्यावर परततो, बाकीचा आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. त्यामुळे मेटॅलिकचा आकडा शक्यतो ० किंवा १ ठेवावा. मधले आकडे फक्त दोन पदार्थांच्या सीमेवर किंवा धूळ पातळ पसरलेली असेल तिथं येतात. ‘थोडासा धातू’ म्हणून ०.५ दिलं की रंग कशासारखाच दिसत नाही.

शुद्ध धातूंचे आकडे ठरलेले आहेत. लिनियर मापात (प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणात; लाल, हिरवा, निळा या क्रमाने) अ‍ॅल्युमिनियम साधारण ०.९१, ०.९२, ०.९२, लोखंड ०.५६, ०.५७, ०.५८; तांबं ०.९५, ०.६४, ०.५४. लिनियर आणि पडद्यावरचा आकडा यांत मात्र गल्लत नको. लिनियर ०.१८ म्हणजे फोटोतला ११८, हेक्समध्ये ७६७६७६. फोटोतून उचललेला ११८ हा आकडा २५५ ने भागून लिनियरच्या रकान्यात ०.४६ टाकला, की वस्तू अडीच पट उजळ झालीच म्हणून समजा.

आता चंदेरी रंग. हा दोन्ही जातींत पाय ठेवून असतो, म्हणून इथं जरा थांबायला हवं. डब्यात अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय बारीक पापुद्रे असतात. गेटला, पाण्याच्या टाकीला मारतात त्या स्वस्त अ‍ॅल्युमिनियम पेंटमध्ये हे पापुद्रे तरंगत वर येतात आणि पृष्ठभागावर एकाशेजारी एक आडवे पडतात. बोट फिरवलं तर चंदेरी भुकटी बोटाला लागते, ही त्याची खूण. त्यावर क्लिअर थर नसतो. अशा रंगाला मेटॅलिक १, बेस कलर (मूळ रंग) ०.५५ ते ०.६५, रफनेस ०.४५ ते ०.५५ आणि कोट (वरचा पारदर्शक थर) ० इथून सुरुवात करा. मोटारीच्या चंदेरी रंगात पापुद्रे थराच्या आत बुडालेले असतात आणि वर पारदर्शक क्लिअर मारलेला असतो. तिथं मेटॅलिक १, रफनेस ०.३५ ते ०.४५, आणि वर कोट १, कोटचा रफनेस ०.०३ ते ०.०५. यात दोन चकाक्या एकावर एक दिसतात: खाली पसरट, मऊ उजेड आणि वर टोकदार, स्पष्ट बिंब. ही दुहेरी चकाकी एका स्लायडरने कधीच येत नाही. रोबो ‘रंगवलेला’ वाटण्यात तिचा फार मोठा वाटा असतो.

पापुद्रे सुटे दाखवावेत का? कॅमेरा हातभर अंतरावर असेल तरच. तीन मीटरवरून ते एका पिक्सेलहून कितीतरी लहान असतात. तिथं त्यांच्यासाठी टेक्स्चर लावलं तर मिळते ती फक्त ठिपक्यांची लुकलुक.

रफनेस मोजायचा कसा

रंग थोडा चुकला तर डोळा माफ करतो, रफनेस चुकला तर करत नाही. वारा पडलेला असताना शेततळ्यात काठावरचं झाड जसंच्या तसं दिसतं, आणि वारा सुटला की त्याच पाण्यात नुसता हिरवा पट्टा पसरतो. परत येणारा प्रकाश तेवढाच असतो, फक्त फाकलेला असतो. रफनेस म्हणजे हे फाकणं.

ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. रोबो रंगवताना त्याच डब्यातून, त्याच हाताने नमुने रंगवून घ्या. कोठीच्या पत्र्याचा वीतभर तुकडा, ११० च्या पाइपचा तेवढाच तुकडा, लोखंडी पट्टीचा एक तुकडा. सपाट नमुन्यापेक्षा पाइप जास्त उपयोगी पडतो, कारण गोलाईवर चकाकीचा पट्टा पूर्ण दिसतो: मधे किती तेजस्वी, कडेला किती हळूहळू विरतो, सगळं एका फोटोत.

मग अंधाऱ्या खोलीत पाइपचा तुकडा उभा ठेवा. एक मीटरवर, ठरावीक उंचीवर, मोबाइलचा टॉर्च लावा. दुसऱ्या मोबाइलने दीड मीटरवरून, पाइपच्या मध्याच्या उंचीवर धरून फोटो काढा. अंतरं वहीत लिहा. ब्लेंडरमध्ये तोच पाइप खऱ्या मापात, तोच दिवा त्याच अंतरावर, कॅमेरा त्याच जागी. टॉर्चचा एलईडी लहान असतो, म्हणून दिव्याची त्रिज्याही दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. ती मोठी राहिली तर चकाकी दिव्यामुळेच रुंद होईल आणि तुम्ही रफनेस विनाकारण कमी कराल. आता चकाकीच्या पट्ट्याची रुंदी फोटोशी जुळेपर्यंत रफनेस हलवा. ०.०५ च्या पावलांनी सुरू करा, जवळ आलात की ०.०१ ने. आतलं गणित रफनेसच्या वर्गावर चालतं, त्यामुळे ०.१ वरून ०.२ वर गेल्याने पडणारा फरक आणि ०.७ वरून ०.८ वर गेल्याने पडणारा फरक सारखा दिसत नाही.

एकच आकडा सगळ्या भागावर लावून थांबू नका. खऱ्या रंगाचा रफनेस जागोजागी बदलतो. गन जवळ आली तिथं रंग ओला बसून गुळगुळीत होतो, लांब राहिली तिथं कोरडी भुकटी बसते आणि मंद दिसतो. हात लागतात तिथं तेलकटपणाने चमक येते. मोजलेल्या आकड्याच्या वर-खाली ०.०५ ते ०.०८ एवढा फरक, वीतभर मोठ्या डागांच्या नॉइजने (संगणकाने काढलेल्या अनियमित नक्षीने), पुरेसा होतो. तो नजरेला ‘दिसू’ लागला तर समजा जास्त झाला.

स्टेनलेसच्या पातेल्याचा रंग निघालेला भाग वेगळाच. कारखान्यातल्या बफिंगच्या रेषा त्यावर गोल-गोल फिरलेल्या असतात, आणि उजेड त्या रेषांना आडवा फाकतो. तिथं अ‍ॅनिसोट्रॉपिक ०.६ ते ०.८ द्या (चकाकी एका दिशेला ताणणारा आकडा), टँजंट (रेषांची दिशा) रेडियल ठेवून अक्ष झेड निवडा, आणि पातेल्याचा ओरिजिन (वस्तूचा मूळ बिंदू) त्याच्या मध्यावर आहे याची खात्री करा. चकाकीचे दोन त्रिकोणी पंखे दिसले की जमलं.

फोटो असा काढा की त्यातून आकडा मिळेल

मोबाइलचा साधा फोटो आकडे देत नाही. तो स्वतःहून सावल्या उजळतो, रंग गडद करतो, कडा धारदार करतो. प्रो मोडमध्ये जाऊन रॉ (मोबाइलने न सुधारलेला) फोटो घ्या, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा. उन्हात काढू नका. ओसरीच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी काढा. नमुन्याशेजारी १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (तेवढाच प्रकाश परत पाठवणारं राखाडी कार्ड) ठेवा. फोटो उघडल्यावर कार्डाचा भाग ११८ वर आणि तिन्ही रंग समान करा, मग शेजारच्या नमुन्याचा आकडा वाचा. कार्डाऐवजी वहीचा पांढरा कागद चालत नाही, कारण त्यात चकाकी आणणारी निळसर द्रव्यं असतात आणि सगळा हिशेब पिवळ्याकडे झुकतो. घरच्या प्रिंटरवर छापलेलं राखाडीही भरवशाचं नाही.

रंग कुठं आहे आणि उघडा धातू कुठं, हे फोटोत कळत नसेल तर एक उपाय आहे. फुटक्या एलसीडी मॉनिटरच्या काचेवर पोलरायझर फिल्म असते. ती सोलून एक तुकडा टॉर्चवर लावा, दुसरा लेन्ससमोर धरून फिरवा. एका ठिकाणी सगळी चकाकी विझते. तेव्हा प्लास्टिक, प्रायमर, माती आपापल्या रंगात दिसत राहतात आणि उघडा धातू काळा पडतो, कारण त्याच्याकडे परावर्तनाशिवाय दाखवायला काही नसतंच. हा फोटो मेटॅलिक मास्क (धातू कुठं आणि अधातू कुठं ते सांगणारा कृष्णधवल नकाशा) रंगवताना शेजारी उघडा ठेवा.

ब्लेंडरमध्ये टेक्स्चर आणताना फक्त बेस कलरची प्रतिमा एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगमापात) ठेवायची. रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) या तिन्हींना कलर स्पेस नॉन-कलर (रंग नव्हे, नुसते आकडे). हे विसरल्याने रफनेस सगळीकडे कमी वाचला जातो, रोबो ओला दिसतो, आणि माणूस दिवसभर दिवे हलवत बसतो.

चंदेरी वस्तू आजूबाजूचं दाखवते

धातूचा रंग म्हणजे भोवतालचा रंग. कोठीच्या धडाचा वरचा अर्धा भाग आभाळ दाखवतो, खालचा जमीन. यवतमाळ-अकोल्याच्या काळ्या कापूसजमिनीवर उभा असलेला रोबो कमरेखाली गडद होतो. भंडारा-गडचिरोलीकडच्या मुरमाच्या रस्त्यावर त्याच पोटात तांबूस झाक येते. कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी वाढलेली असेल तर मांड्या हिरव्या दिसतात. इंटरनेटवरून उतरवलेला एखाद्या परदेशी चौकाचा एचडीआरआय (भोवतालचा सगळा उजेड टिपलेला ३६० अंशांचा फोटो) लावला तर रोबोच्या पोटात डांबरी रस्ता आणि इमारती दिसतात. मटेरियल कितीही अचूक असलं तरी तो त्या शेतात उभा वाटत नाही. म्हणून शूटिंगच्या जागेचा, शूटिंगच्याच वेळेचा प्रकाश टिपून आणणं हे मटेरियलच्या कामाचाच भाग समजा.

३६० अंशांचा कॅमेरा नसेल तर चकचकीत स्टीलचा गोळा चालतो. रोबोच्या छातीच्या उंचीवर काठीला बांधा. कॅमेरा लांब ठेवून झूम करा आणि प्रत्येकी दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच ते सात फोटो घ्या. मग ९० अंश बाजूला जाऊन पुन्हा तेवढेच, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब पुसता येतं. स्टील सगळा प्रकाश परत पाठवत नाही, साधारण ६० टक्केच पाठवतं. त्यामुळे हा एचडीआरआय मुळातच काळसर निघतो. त्याची उजेडाची पातळी ग्रे कार्डाच्या फोटोशी जुळवून वाढवावी लागते.

दुपारच्या उन्हात सूर्य कुठल्याही फोटोत पूर्ण पकडला जात नाही, तो पांढरा फटक होऊन कापला जातो. तसाच वापरला तर सावल्या फिक्या येतात. एचडीआरआयमधला सूर्य रंगवून पुसून टाका आणि त्याच दिशेला सन लॅम्प (ब्लेंडरमधला सूर्यासारखा दिवा) लावा, कोन ०.५३ अंश. त्याची ताकद ठरवायला ग्रे कार्ड एकदा उन्हात आणि एकदा हाताच्या सावलीत धरून एकाच एक्स्पोजरवर दोन फोटो घ्या. दोन्हींतलं लिनियर गुणोत्तर काढा, आणि रेंडरमध्ये ठेवलेल्या राखाडी चौकोनावर तेच गुणोत्तर येईपर्यंत सन लॅम्प वाढवा.

व्ह्यू ट्रान्सफॉर्मचं (रेंडर पडद्यावर कसं दाखवायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) एवढंच लक्षात ठेवा: ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स आपोआप लागलेलं असतं, आणि मागे ठेवलेला मोबाइलचा व्हिडिओ त्यातून गेला की फिका पडतो. रोबो पारदर्शक पार्श्वभूमीवर ईएक्सआरमध्ये (उजेडाचे पूर्ण आकडे जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा आणि जोडणी वेगळ्या फाइलमध्ये स्टँडर्ड लावून करा. चंदेरी चकाकी तिथं पांढरी फटक होऊन फाटली तर फक्त रोबोच्या थरावर कर्व्ह लावून ती खाली ओढा.

पत्रा कधीच सपाट नसतो

मॉडेलमध्ये कोठी भूमितीतल्या सिलिंडरसारखी नितळ असते. खरी कोठी वाकवताना, झाळताना, ट्रॉलीत टाकताना जागोजागी दबलेली असते. हे दबणं एक-दोन मिलिमीटरचं असल्याने आकारात कळत नाही, पण प्रतिबिंबात लगेच कळतं. क्षितिजाची रेषा पत्र्यावर लाटांसारखी हलते. आमच्या मते पत्र्याची वस्तू खरी वाटायला ही लाट सगळ्यांत आधी हवी. ओरखडे, गंज, धूळ सगळं त्यानंतर. ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट्सवर (वस्तूच्या स्वतःच्या मापांवर) नॉइज, स्केल ३ ते ४, डिटेल ०, बंपचं (उंचसखलपणाच्या आभासाचं) अंतर ०.००१. त्यावर चार-दोन ठसठशीत पोचे मॉडेलमध्येच हाताने दाबा. झाळलेल्या सांध्याजवळ लाट जास्त ठेवा, कारण उष्णतेने पत्रा तिथंच ताणला जातो.

गनच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगी येते. तिच्यासाठी दुसरा नॉइज, स्केल २०० ते ३००, अंतर ०.००००२. फायबरच्या पट्टीवर ही खळगी हवी. ब्रशने रंगवलेल्या कोठीवर ती नको, तिथं ब्रशच्या उभ्या किंवा आडव्या रेषा हव्यात. हे आकडे मीटरमधले आहेत आणि वस्तूचं स्केल अप्लाय केलेलं असेल तरच बरोबर चालतात. कंट्रोल-ए दाबून स्केल १ केलं नसेल तर खळगी भोपळ्याएवढी नाहीतर गायब.

कडा विसरू नका. वाकवलेल्या पत्र्याची कड एक मिलिमीटरभर गोल असते, फायबरची दोन-तीन. मॉडेलची धारदार कड उजेडच पकडत नाही.

रंग निघतो कसा, गंज येतो कुठं

इथं वहीतले थर कामाला येतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर साधा ऑइलपेंट थेट मारला तर तो टिकत नाही. जस्ताशी रंगातल्या तेलाची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि पावसाळ्यानंतर रंग तळहाताएवढ्या पोपड्यांनी सुटतो. खाली जस्त दिसतं: राखाडी, त्यावर नखाएवढ्या स्फटिकांची नक्षी. ब्लेंडरमध्ये व्होरोनॉय (तुकड्यातुकड्यांची नक्षी), स्केल ८० ते १००, आणि प्रत्येक तुकड्याला किंचित वेगळा रफनेस, ०.३५ ते ०.५ च्या दरम्यान. जुन्या जस्तावर पांढुरकी भुकटी येते. ती अधातू, मेटॅलिक ०.

तांबडा गंज कोठीवर सगळीकडे फासू नका. जस्त शाबूत आहे तोवर लोखंड गंजत नाही. तो येतो वेल्डिंगने जस्त जळालं त्या जागी आणि तिथून खाली ओघळतो. ट्रॅक्टरच्या सांध्यांवर मात्र कुठंही टवका उडाला की आधी रेड ऑक्साइडची तांबडी-तपकिरी कड दिसते, मग मधे लोखंड, आणि एका पावसाळ्यात त्यावर गंज. प्रायमरचा तांबडा मंद आणि सपाट, गंजाचा तांबडा ठिपक्याठिपक्यांचा, नारिंगीपासून काळसरपर्यंत. दोघांनाही मेटॅलिक ०, गंजाचा रफनेस ०.८५ च्या वर. गंजाला मेटॅलिक १ ठेवणं ही नेहमीची चूक आहे, त्याने गंज तांब्यासारखा चमकतो.

पीव्हीसी पाइप आधी पॉलिश पेपरने घासला नसेल तर रंग सालीसारखा लांब निघतो. खाली राखाडी गुळगुळीत प्लास्टिक: मेटॅलिक ०, रफनेस ०.३ ते ०.४. हाताच्या कोपरापाशी धातू दिसायला लागला की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं. पाइपवर गंज दाखवणं तर पूर्णच चूक.

टवक्याची खोलीही मापातच हवी. प्रायमर आणि रंग मिळून थर साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, म्हणून बंपचं अंतर ०.०००१. पुट्टी निघाली असेल तिथं एक ते दोन मिलिमीटर, आणि ते खऱ्या भूमितीत खोदा. टवक्याचा मास्क काढायला पॉइंटीनेस किंवा बेव्हल नोड (मटेरियलमध्ये कडा शोधणारी साधनं) वापरता येतो, दोन्ही सायकल्समध्येच (ब्लेंडरच्या एका रेंडररमध्येच) चालतात. पण नोडच्या भरवशावर सोडलं की प्रत्येक कड सारखीच झिजलेली येते. नोडचा मास्क हाताने रंगवलेल्या दुसऱ्या मास्कने गुणा. ज्या कडा ट्रॉलीच्या फळीला घासतात, ज्या मुठीत धरून रोबो उचलतात, तिथंच झीज ठेवा.

धूळ सगळ्यांत वर, सगळ्यांत शेवटी. जॉमेट्री नोडच्या नॉर्मलमधला झेड (पृष्ठभाग किती वर तोंड करून आहे ते) घ्या, ०.३ ते ०.९ च्या दरम्यान मॅप रेंजने ताणा, नॉइजने तोडा. धुळीचा रफनेस ०.९५, मेटॅलिक ०, रंग शूटिंगच्या जागेच्या मातीचा. माती पिशवीत भरून आणा आणि ग्रे कार्डाशेजारी तिचाही फोटो घ्या. ग्रीस लागलेल्या सांध्यांवर धूळ उभ्या बाजूंनाही चिकटते आणि काळी पडते. पायाला काळी माती घोट्याच्या वर चढवा. ओली असेल तर रंग जवळजवळ निम्मा गडद आणि रफनेस ०.२५, वाळली की फिकी, भेगाळलेली, ०.९ च्या वर. ओल्या-कोरड्याची सीमा एका शॉटमधून दुसऱ्यात बदलू नये, म्हणून प्रत्येक शॉटनंतर रोबोच्या पायांचा एक फोटो काढून ठेवा.

जुळलं की नाही, आणि रेंडर

खरा फोटो आणि रेंडर एकमेकांवर ठेवून मधून कापा, अर्धा खरा, अर्धा खोटा. आधी दोन्ही कृष्णधवल करून बघा. उजेड-सावली जुळत नसेल तर दिवे दुरुस्त करा, मटेरियलला हात लावू नका. ती जुळली आणि चकाकीची रुंदी जुळत नसेल तर रफनेस. दोन्ही जुळल्यावरच रंग. हा क्रम उलटा केला की दिव्याची चूक बेस कलरमध्ये लपते आणि पुढच्या शॉटमध्ये, ऊन बदललं की उघडी पडते.

४के टेक्स्चर एक मीटर रुंदीवर पसरलं तर एक पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरचा होतो. मध्यम अंतराच्या शॉटला हे पुष्कळ आहे. पण आठ बिटची, चार चॅनेलची एक ४के प्रतिमा मेमरीत ६४ एमबी खाते. पाच मटेरियल, प्रत्येकी चार नकाशे, म्हणजे १,२८० एमबी. चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर एचडीआरआय आणि भूमिती धरून गाडी इथं अडू शकते. चेहरा आणि छाती ४के, बाकी २के ठेवा. २के ला प्रत्येकी १६ एमबीच लागतात. डीनॉइजर (रेंडरमधले ठिपके पुसणारं साधन) कमी सॅम्पल्सवर (प्रत्येक पिक्सेलमागच्या कमी किरणांवर) सोडला तर बारीक ओरखडे आणि रंगाची खळगी पुसून टाकतो. त्याला आल्बेडो (उजेड-सावलीशिवायचा रंग) आणि नॉर्मल दोन्ही द्या आणि सॅम्पल्स इतके ठेवा की डीनॉइजर बंद करूनही ओरखडे ओळखू यावेत. मे महिन्यात रेंडर रात्रीच लावा, दुपारी लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो.

थेट एमपी-४ काढू नका. वीज गेली की अख्खी फाइल जाते. ईएक्सआरच्या सुट्या फ्रेम काढा, ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स (चालू फ्रेमची रिकामी फाइल आधीच ठेवणारं सेटिंग) सुरू ठेवा, म्हणजे वीज आल्यावर काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं. मात्र वीज गेली त्या क्षणी चालू असलेल्या फ्रेमची शून्य आकाराची फाइल फोल्डरमध्ये पडून राहते, आणि ब्लेंडर ती झालेली समजून पुढे जातो. रेंडर पुन्हा लावण्याआधी फोल्डर आकारानुसार लावा आणि शून्य केबीच्या फाइली पुसून टाका.